व्हिटॅमिन डी ११ आलं, मग डोस कसा ठरला (माझा अनुभव)

जिना चढताना मांड्या भरून यायच्या, कंबर धरायची, म्हणून डॉक्टरांनी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी टेस्ट सांगितली तर रिपोर्ट आला ११. साधारण २० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली गेलं की कमतरता धरतात, त्यामुळे नुसतं गच्चीत ऊन खाऊन भागणार नव्हतं. मेडिकलवाला म्हणाला साठ हजार युनिटवाली गोळी न्या, सगळे तीच नेतात. पण ती आठवड्याची असते, रोजची नाही, आणि लोक बिनधास्त रोज एक टाकतात ना, ते डेंजर आहे! हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, किडनीलाही त्रास.

मला मुतखडा होऊन गेलाय म्हणून डॉक्टरांनी आधी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते यावरून कळतं) बघितलं आणि मगच ६०,००० युनिट डी३ आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, आणि पुढे रोज १००० युनिट असं लिहून दिलं. मी रविवारी जेवणानंतर घ्यायचो, तूप-तेलाच्या जेवणासोबत नीट शोषलं जातं म्हणे, आणि रविवार असला की विसरायला होत नाही. भावाने दुबईहून आणलेल्या बाटलीवर २५ मायक्रोग्रॅम लिहिलंय, तेच १००० युनिट, ४० ने गुणायचं फक्त.

तीन महिन्यांनी परत टेस्ट केली, ३४. मांड्यांचं दुखणं गेलं, कंबर मात्र अजून कुरकुरते, तिच्यासाठी आता फिजिओ चालू आहे.