जर्मनीतून यूकेला शिफ्ट होताना स्पोर्ट्स कार बरोबर कशी न्यायची

पुण्यातून स्टुटगार्ट-म्युनिकला आलेले बरेच ऑटोमोबाइलवाले थोडं स्थिरावले की हौसेने एखादी अल्पाइन ए११०, लोटस एलिस नाहीतर पोर्शे केमन घेतात, आणि मग यूकेचा जॉब लागला की पहिला प्रश्न, गाडीचं काय करायचं? नेता येते. रीतसर केलं तर ड्युटी आणि व्हॅट दोन्ही माफ होतात. फक्त आधी कागद, मग गाडी, हा क्रम मोडायचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे टीओआर, ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, म्हणजे राहायला येताना आपलं सामान करमाफीत आणायची परवानगी. एचएमआरसीकडे, म्हणजे यूकेच्या कर खात्याकडे, ऑनलाइन अर्ज करायचा, मंजूर झाला की एक रेफरन्स नंबर मिळतो, आणि तो हातात आल्याशिवाय गाडी ट्रेलरवर चढवायचीच नाही. अटी अशा की तुम्ही यूकेबाहेर सलग किमान १२ महिने राहिलेले हवेत, आणि शिफ्ट होण्याआधी गाडी किमान ६ महिने तुमच्याकडे आणि तुमच्या वापरात हवी. म्हणजे ऑफर लेटर आलंय, आता जाता जाता स्वप्नातली गाडी घेऊन टाकू, असं केलंत तर माफी मिळत नाही. न मिळाल्यास हिशोब बघा: गाडी ४०,००० पौंडांची धरली तर १० टक्के ड्युटी म्हणजे ४,०००, आणि व्हॅट ड्युटीसकट रकमेवर २० टक्के म्हणजे ८,८००, एकूण १२,८०० पौंड, आणि वाहतुकीचा खर्चही त्या किमतीत धरतात तो वेगळाच. युरोपात बनलेल्या गाडीला ओरिजिनचा पुरावा जोडला तर ड्युटी वाचू शकते पण व्हॅट काही सुटत नाही.

जर्मनीतली कामं तशी सरळ आहेत पण वेळ खातात. गाडीवर लोन असेल तर टाइल टू, म्हणजे रजिस्ट्रेशनचा दुसरा भाग, ज्याला सगळे अजून ब्रीफच म्हणतात, तो बँकेकडे असतो, लोन फेडून तो परत यायला वेळ लागतो म्हणून हे काम सगळ्यात आधी काढा. सीओसी, म्हणजे गाडी युरोपियन नियमांप्रमाणे बनल्याचा कंपनीचा कागद, जपून ठेवा, हरवला असेल तर कंपनीकडून डुप्लिकेट मागवा. गाडी चालवत न्यायची असेल तर डीरजिस्टर करून एक्स्पोर्ट प्लेट घेता येते, उजव्या कडेला लाल पट्टी आणि त्यात मुदतीची तारीख असलेली. पिवळ्या पट्टीची पाच दिवसांची शॉर्ट टर्म प्लेट जर्मनीतल्या फेऱ्यांसाठी असते, ती लावून फ्रान्समार्गे निघू नका. डीरजिस्टर करताना रजिस्ट्रेशनचे स्टॅम्प मारलेले दोन्ही कागद (टाइल वन आणि टाइल टू) परत घ्यायचे, पुढे यूकेत ओरिजिनलच लागतात. आणि इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेमचं पत्र इंग्रजीत मागून घ्या, लेफ्ट हँड (डावीकडे स्टिअरिंग असलेल्या) स्पोर्ट्स कारचा प्रीमियम तिकडे आधीच चांगला दणकून असतो.

कस्टम्सचं डिक्लेरेशन एजंटकडून करून घ्या, खरंच सांगतो, इथे पैसे वाचवायला जाऊ नका, फक्त टीओआरचा नंबर त्याने डिक्लेरेशनमध्ये टाकलाय ना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडी यूकेत पोचली की १४ दिवसांत नोव्हावर, म्हणजे बाहेरून आणलेल्या गाड्यांच्या नोंदीच्या ऑनलाइन सेवेवर, एचएमआरसीला कळवायचं. ही नोंद नसेल तर डीव्हीएलए, म्हणजे यूकेत गाड्यांचं रजिस्ट्रेशन करणारं खातं, पुढे काहीच करत नाही.

आता खुद्द गाडीतले बदल, जे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. जर्मन हेडलाइटचा लो बीम उजव्या बाजूला वर चढतो, रात्री गॅरेजच्या भिंतीसमोर गाडी लावून बघा, उजेडाची आडवी रेघ उजवीकडे तिरकी वर गेलेली स्पष्ट दिसते. जर्मनीत ती रस्त्याची कड दाखवते, यूकेत डाव्या बाजूने चालवताना तीच थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाते. फेरीवर लावतात ते स्टिकर सुट्टीपुरते ठीक, कायमचं राहायचं तर यूकेचे लाइटच बसवा. अल्पाइन आणि लोटस दोन्ही तिकडे राइट हँडमध्ये विकल्या गेल्यात त्यामुळे लाइट मिळतात, स्वस्त मात्र नाहीत. दुसरं, मागचा फॉग लाइट मध्यभागी किंवा उजवीकडे पेटायला हवा, जर्मन गाडीत एकच असेल तर तो बहुतेक डावीकडे असतो. तिसरं, स्पीडोमीटरवर मैल दिसायला हवेत, डिजिटल डॅश असेल तर मेनूत पर्याय असतो, जुन्या काट्याच्या मीटरला नवीन डायल बसवावी लागते.

गाडी १० वर्षांच्या आतली, लेफ्ट हँड आणि युरोपियन टाइप अप्रूव्हलवाली (म्हणजे त्या मॉडेलला युरोपात मंजुरी असलेली) असेल तर व्हीसीएकडून, म्हणजे गाड्यांना मंजुरी देणाऱ्या यूकेच्या संस्थेकडून, जीबी कन्व्हर्जन आयव्हीए हे त्या एका गाडीपुरतं अप्रूव्हल घ्यायचं, त्यासाठी वरचे बदल केल्याचे पुरावे लागतात म्हणून बिलं आणि फोटो सांभाळा. डोंकरवूर्टसारखी मोजक्याच संख्येत बनणारी गाडी असेल आणि सीओसीच नसेल तर डीव्हीएसएकडे, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडे, प्रत्यक्ष आयव्हीए टेस्ट द्यावी लागते, तिथे वेळ आणि धीर दोन्ही हाताशी ठेवा. १० वर्षांहून जुन्या गाडीला सहसा हे अप्रूव्हल लागत नाही, पण ३ वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे दरवर्षीची फिटनेस तपासणी, लागतेच आणि लाइट-फॉग तिथे तपासतातच, त्यामुळे बदल टळत नाहीत.

शेवटी डीव्हीएलएचा व्ही५५/५ फॉर्म, ५५ पौंड फी, रोड टॅक्स, अप्रूव्हल, एमओटी, जर्मन कागद आणि ओळखपत्राच्या कॉपी असं सगळं पोस्टाने स्वान्सीला. पाठवण्याआधी प्रत्येक पानाचा स्कॅन काढा. इन्शुरन्स व्हीआयएनवर, म्हणजे चॅसी नंबरवर, घ्यायचा, कारण नंबर अजून आलेला नसतो, आणि व्हीआयएनवर घ्यायला सगळ्या कंपन्या तयार होत नाहीत, स्पेशालिस्ट ब्रोकरला फोन करा. रजिस्ट्रेशन होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही, आधीच बुक केलेल्या एमओटी किंवा आयव्हीएला नेणं तेवढं चालतं.

हे सगळं करावं का? गाडीवर जीव असेल तर नक्की करा. पण नुसता पैशांचा हिशोब करत असाल तर जर्मनीत विकून तिकडे राइट हँड घेणं बरं, कारण यूकेत लेफ्ट हँड गाडीला भाव कमी येतो. पुढेमागे हीच गाडी पुण्याला नेऊ असा विचार असेल तर तो सोडा, भारताच्या आयात नियमांत राइट हँड स्टिअरिंगची अट आहे.

नंबर आला की प्लेट करून घ्या, पुढे पांढरी मागे पिवळी, माप जर्मन प्लेटच्या जवळपास तेच असल्यामुळे जुन्याच जागी बसते. आणि टीओआरवर आणलेली गाडी १२ महिने विकायची, भाड्याने द्यायची किंवा कुणाला वापरायला द्यायची नाही, नाहीतर माफ झालेला टॅक्स भरावा लागतो.