डक्टचा प्रेशर लॉस एक्सेलमध्ये काढताय? या चुका टाळा

६०० × ३०० मिमीचा जीआय डक्ट (हवा नेणारी, जस्त चढवलेल्या पत्र्याची वाहिनी), आतून ताशी ३,६०० घनमीटर हवा. पत्र्याचा खरबरीतपणा ०.०९ मिमी, हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर. एवढं तुमच्या शीटमध्ये टाका. घर्षणामुळे होणारा प्रेशर लॉस (दाबातली घट) मीटरमागे ०.८३ पास्कलच्या आसपास आला तर ठीक. ०.७१ आलं तर गडबड आहे. आणि ०.१६ आलं, तर त्या शीटवरून दिलेली ब्लोअरची ऑर्डर आधी थांबवा.

०.७१ ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. चौकोनी डक्टला दोन 'व्यास' असतात. हायड्रॉलिक व्यास म्हणजे २अब/(अ+ब) (अ आणि ब या डक्टच्या बाजू), इथे ४०० मिमी. दुसरा समतुल्य गोल डक्टचा, म्हणजे तितक्याच हवेला तितकाच लॉस देणाऱ्या गोल डक्टचा; तो येतो ४५७ मिमी. पहिला घेतला तर वेग डक्टमधला खरा धरायचा, ५.५६ मीटर प्रति सेकंद. दुसरा घेतला तर वेगही त्या गोल डक्टचाच, ६.१. दोन्ही वाटांनी उत्तर जवळपास एकच येतं. पण व्यास ४५७ आणि वेग ५.५६ अशी सरमिसळ झाली की लॉस १५ टक्के कमी दिसतो. आकडा इतका शहाण्यासारखा दिसतो की कोणी शंकाही घेत नाही.

०.१६ मागे बहुतेक वेळा मॅक्रो असतो. एक्सेलच्या खान्यात नुसतं 'लॉग' लिहिलं तर पाया १० चा, पण व्हीबीएमधला (मॅक्रो लिहायच्या भाषेतला) 'लॉग' नैसर्गिक पायाचा. घर्षणांक थेट काढून देणारं स्वामी-जैनचं सूत्र खान्यातून उचलून जसंच्या तसं मॅक्रोत चिकटवलं की घर्षणांक ५.३ पटींनी खाली येतो. घर्षणांकाचं कोलब्रुक समीकरण वर्तुळाकार संदर्भाने (खाना स्वतःचंच उत्तर पुन्हा वापरतो अशा सूत्राने) सोडवत असाल तर आणखी एक डोकेदुखी: एकदा त्या फेऱ्यात एरर शिरला की इनपुट दुरुस्त करूनही तो हटत नाही. सूत्र पुसून पुन्हा टाकावं लागतं. मी तर स्वामी-जैनवरच भागवतो.

एककांचं काय सांगावं! आपल्याकडे हवा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट), फिल्टरचा लॉस पाण्याच्या मिलिमीटरमध्ये आणि डिफ्यूझरचा (खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीचा) पास्कलमध्ये. माझ्याच एका शीटमध्ये फिल्टरचे १५ मिमी थेट पास्कलच्या रकान्यात बसले होते; १४७ च्या जागी १५. तेव्हापासून एककाचा रकाना वेगळा ठेवतो. लांबीच्या खान्यात '१२ मी' असं लिहूही नका. तो मजकूर होतो आणि बेरजेचं 'सम' फंक्शन त्याला मुकाट्याने वगळतं.

एल्बो-टीचे (वळणांचे आणि फाट्यांचे) लॉसचे गुणांक व्हीलुकअपने, म्हणजे तक्त्यातून शोधून देणाऱ्या फंक्शनने, आणत असाल तर शेवटी 'फॉल्स' लिहायला विसरू नका. नाहीतर जुळणारं नाव सापडलं नाही तरी तो भलत्याच ओळीचा गुणांक उचलून देतो. टीच्या बाबतीत तो गुणांक मेनमधल्या वेगाचा आहे की ब्रँचमधल्या, तेही तक्त्यात बघून घ्या.

आणि सगळ्या ब्रँचची बेरीज करू नका. फॅनला लागणारं प्रेशर ठरतं ते सर्वांत जास्त लॉस असलेल्या एकाच वाटेवरून. ती वाट सर्वांत लांब असेलच असं नाही. जवळच्या ग्रिलला आखडलेला फ्लेक्स (लवचिक डक्ट) असेल तर तीच बाजी मारते. फिल्टरही नवा नव्हे, मळलेला धरा.

पुण्याच्या उंचीवर घनता १.१२ च्या आसपास असते. शीटमध्ये १.२ राहिली तर लॉस थोडा जास्त दिसतो. ही चूक निदान सोयीच्या बाजूची.

शीटच्या पहिल्या ओळीत वरचा ६०० × ३०० डक्ट कायमचा ठेवा, खऱ्या ओळींतलीच सूत्रं वापरून. जुन्या हिशोबात त्याचा लॉस १०० फुटांना ०.१ इंच पाणी इतका पडतो, म्हणजे डक्ट्युलेटरच्या (डक्टचं माप काढायच्या) चकतीवरही ताडून बघता येतो. उत्तर ०.८० ते ०.८६ च्या बाहेर गेलं की खाना लाल व्हावा, असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा आणि ओळ लॉक करा.