संगीत ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये हवी तीच रचना कशी शोधावी

बेथोवेनची ‘मूनलाइट सोनाटा’ वाजवायला घ्यायची म्हणून कॅटलॉगच्या चौकटीत तेवढे दोन शब्द टाकले, तर समोर काय येतं? ध्वनिमुद्रणं, नवशिक्यांसाठी सोप्या केलेल्या प्रती, गिटारसाठीची रूपांतरं, कुठल्याशा संग्रहातला फक्त पहिला भाग. आणि जी उत्तम प्रत त्याच ग्रंथालयाच्या कपाटात आहे, ती या यादीत नसूही शकते. कारण तिच्यावर ‘मूनलाइट’ हा शब्दच छापलेला नसतो. बेथोवेनने ही रचना १८०१ साली लिहिली, १८०२ साली ती छापली गेली. चांदण्याचं नाव तिला चिकटलं ते १८२७ साली तो गेल्यानंतर.

पुस्तकाचं बहुतेक वेळा एकच नाव असतं. संगीताचं तसं नाही. एकच रचना जर्मनीत एका नावाने छापली जाते, फ्रान्समध्ये दुसऱ्या. कुठे टोपणनावाने, कुठे नुसत्या क्रमांकाने. शिवाय ती पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र छापलेली प्रत), सुटे पार्ट्स (एकेका वाद्यापुरत्या प्रती), ध्वनिमुद्रण अशा अनेक रूपांत ठेवलेली असते. हा गुंता ओळखूनच संगीताच्या ग्रंथपालांनी नोंदी करण्याची एक पद्धत बसवली आहे. ती थोडी समजून घेतली की शोध फार वेगळा होतो.

१. आधी कागदावर तीन ओळी लिहा

रचनाकार कोण, रचना नेमकी कोणती, आणि ती कोणत्या रूपात हवी. तिसरी ओळ लोक हमखास वगळतात. ऐकायला हवी, वाजवायला हवी, अभ्यासायला हवी की तिच्याविषयी वाचायला हवं, हे आधी ठरलेलं असेल तर पुढची निम्मी चाळण आपोआप होते.

२. साधी चौकट सोडा, ‘सविस्तर शोध’ उघडा

मुखपृष्ठावरची एकच मोठी चौकट अनेक ठिकाणी कॅटलॉगसोबत लेखांचे डेटाबेसही चाळते, त्यामुळे मासिकांतले लेख आणि परीक्षणं मध्येच घुसतात. शोध फक्त कॅटलॉगपुरता ठेवा. सविस्तर शोधात रचनाकार, शीर्षक, विषय यांचे रकाने वेगळे असतात, आणि हे रकाने महत्त्वाचे आहेत. मोझार्टचं नाव विषयाच्या रकान्यात टाकलं तर मोझार्टविषयीची पुस्तकं मिळतात. रचनाकाराच्या रकान्यात टाकलं तर मोझार्टचं संगीत.

३. नावाचं ‘अधिकृत’ रूप शोधून काढा

चायकोव्हस्कीचं नाव रोमन लिपीत इंग्रजी पद्धतीने लिहिलं तर ‘टी, सी, एच’ने सुरू होतं, जर्मन पद्धतीने ‘टी’नंतर ‘एस’ येतो, आणि रशियन अक्षरांचं काटेकोर लिप्यंतर केलं तर ते थेट ‘सी’ या अक्षराखाली जातं. हँडेलच्या ‘ए’वर कुठे दोन टिंबं असतात, कुठे ‘ए’ला ‘ई’ जोडलेला असतो, कुठे साधा ‘ए’. म्हणून कॅटलॉग प्रत्येक व्यक्तीचं एक अधिकृत रूप ठरवतो, बहुधा जन्म-मृत्यूच्या सालांसह, आणि बाकीची रूपं त्याकडे वळवतो.

ते रूप मिळवायला ‘ब्राउझ’ म्हणजे वर्णानुक्रमे चाळण्याची सोय वापरा. नावाची पहिली काही अक्षरं दिली की नावांची यादी उघडते, आणि चुकीच्या रूपापुढे ‘अमुक पाहा’ अशी सूचना असते. ही सोय हल्ली पडद्याच्या कोपऱ्यात ढकललेली असते, पण संगीतासाठी मला ती शब्दशोधाहून जास्त भरवशाची वाटते. ती नसेल तर ‘व्हीआयएएफ’ या आंतरराष्ट्रीय नावसूचीत एकाच व्यक्तीची वेगवेगळ्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी वापरलेली रूपं एकत्र दिसतात.

भारतीय संगीतावरच्या पुस्तकांसाठी आणखी एक गोष्ट. आधी देवनागरीत शोधा, आणि नंतर रोमनमध्येही शोधाच. जुन्या नोंदी फक्त लिप्यंतरात असू शकतात. ग्रंथालयीन लिप्यंतर आपल्या उच्चाराप्रमाणे नसतं, अक्षरांप्रमाणे असतं. ‘राग’ आणि ‘संगीत’ यांच्या शेवटी एक ‘ए’ जोडलेला असतो. लोक मात्र ‘राग’ कधी एका ‘ए’ने लिहितात, कधी दोन. शब्द अर्धा लिहून पुढे तारांकन (*) टाकलं, तर बहुतेक कॅटलॉग शेवटाकडचे हे फरक एकदम पकडतात.

४. रचनेचं कॅटलॉगमधलं नाव ओळखा

हे या सगळ्यातलं सर्वात उपयोगी ज्ञान आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

प्रतीवर छापलेलं शीर्षक नोंदीत असतंच. पण त्याशिवाय ग्रंथपाल प्रत्येक रचनेला एक ठरावीक शीर्षक देतात. त्याला एकरूप शीर्षक म्हणता येईल. प्रत कुठल्याही भाषेतली असो, त्या एका शीर्षकाखाली सगळ्या प्रती आणि सगळी ध्वनिमुद्रणं एकत्र येतात. रचनेला स्वतःचं खास नाव असेल, उदाहरणार्थ एखादा ऑपेरा, तर ते नाव मूळ भाषेत घेतलं जातं. मोझार्टचा ‘मॅजिक फ्लूट’ इंग्रजी कॅटलॉगमध्येही ‘झाउबरफ्लोटे’ या जर्मन नावाखाली बसतो.

नाव नुसतं प्रकाराचं असेल, म्हणजे सोनाटा, सिम्फनी, क्वार्टेट, तर क्रम ठरलेला असतो: प्रकार, वाद्य, क्रमांक, ओपस (रचनाकाराच्या प्रकाशित कृतींना दिलेला क्रमांक), स्वरपट्टी. रचनाकाराने त्या प्रकारात एकाहून जास्त रचना केल्या असतील तर इंग्रजी कॅटलॉगमध्ये प्रकाराचं नाव अनेकवचनी होतं. म्हणून ‘मूनलाइट’ तिथे ‘सोनाटाज, पियानो, क्र. १४, ओपस २७, क्र. २, सी शार्प मायनर’ अशी सापडते. एकवचनी शब्द अवतरणचिन्हांत टाकणाऱ्याला एकरूप शीर्षकाच्या रकान्यात ती दिसणारच नाही. ‘सोनाट’ इतकंच लिहून तारांकन टाका. इंग्रजी, इटालियन आणि जर्मन रूपं एकदम येतात.

स्वरपट्टीच्या नावावर मात्र विसंबू नका. जर्मन भाषेत ‘एच’ म्हणजे इंग्रजीतला बी, आणि जर्मन ‘बी’ म्हणजे बी फ्लॅट. बाखचा बी मायनर मास जर्मन प्रतीवर ‘एच मोल’ असतो. शिवाय शार्प-फ्लॅटची चिन्हं काही प्रणालींना वाचताच येत नाहीत. वाद्यांच्या नावांतही चकवे आहेत: फ्रेंच प्रतीवरचा ‘आल्टो’ म्हणजे बहुधा व्हायोला, आणि इटालियन ‘ट्रोम्बा’ म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन नव्हे.

५. क्रमांकाने शोधा, पण क्रमांक कोणता ते पाहा

‘सिम्फनी क्रमांक अमुक’ हा क्रमांक बदलू शकतो. द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ आज नववी मानली जाते, पण ती पाचवी म्हणून छापली गेली होती, आणि जुन्या प्रतींवर तोच आकडा आहे. तिचा ओपस ९५ मात्र दोन्हींवर सारखा. शूबर्टची मोठी सी मेजर सिम्फनी कुठे सातवी, कुठे आठवी, कुठे नववी असते. तिचा ‘डी ९४४’ हा क्रमांक तेवढा पक्का.

हे ‘डी’ प्रकरण म्हणजे त्या-त्या रचनाकाराच्या संशोधकाने केलेली सूची. मोझार्टसाठी कोखेलची ‘के’ सूची आहे, पहिल्यांदा १८६२ साली छापलेली. बाखसाठी श्मीडरची ‘बीडब्ल्यूव्ही’, १९५० ची. शूबर्टसाठी डॉइचची ‘डी’, विवाल्डीसाठी रिओमची ‘आरव्ही’, हायडनसाठी होबोकेनची. रचनाकाराचं आडनाव आणि हा क्रमांक, एवढ्या दोन गोष्टी बहुतेक वेळा पुरतात. दोन ठिकाणी सावध राहा. ‘के’ हे अक्षर स्कारलात्तीच्या सोनाटांसाठीही वापरतात, तिथे ते कर्कपॅट्रिकचं. आणि कोखेलच्या सूचीच्या पुढच्या आवृत्त्यांत काही रचनांना नवे क्रमांक मिळाले; मोझार्टची पंचविसावी सिम्फनी १८३ आणि ‘१७३ डीबी’ अशा दोन्ही आकड्यांनी आढळते. एकाने मिळाली नाही तर दुसरा वापरा.

हातात एखादी जुनी प्रत असेल आणि तशीच दुसरी हवी असेल, तर पानाच्या तळाशी छापलेला प्लेट क्रमांक (छपाईच्या पट्टीला प्रकाशकाने दिलेला आकडा) किंवा प्रकाशकाचा क्रमांक पाहा. नव्या प्रतींवर ९७९-० ने सुरू होणारा तेरा अंकी आयएसएमएन, म्हणजे छापील संगीताचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असतो. सीडीसाठी कंपनीचा क्रमांक चालतो. यांतला कुठलाही आकडा जुळला की थेट तीच प्रत मिळते.

६. रूप तपासा

मी एकदा एका व्हायोलिन कॉन्चेर्टोची प्रत दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून मागवली होती. दोन आठवड्यांनी आली ती हातात मावणारी अभ्यासप्रत. सगळा ऑर्केस्ट्रा बारीक अक्षरांत, आणि वाजवायला काहीच नाही. नोंदीत ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. तालीम पुढे ढकलावी लागली.

तेव्हापासून मी वर्णनाची ओळ आधी वाचतो. तिथे पानं, पार्ट्सची संख्या आणि उंची सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. उंची १९ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ती स्टँडवर ठेवून वाजवण्याची प्रत नव्हे. ‘१ स्कोअर + ४ पार्ट्स’ असेल तर चौघांना वाजवता येईल. नुसतं ‘१ स्कोअर’ असेल तर नाही. कॉन्चेर्टोचा सराव करायचा असेल तर ऑर्केस्ट्राचा भाग पियानोवर उतरवलेली प्रत हवी, ऑपेरा गायचा असेल तर व्होकल स्कोअर, म्हणजे गायकांचे भाग आणि पियानोवर उतरवलेला ऑर्केस्ट्रा. जर्मन नोंदींत ‘पार्टिटूर’ म्हणजे पूर्ण स्कोअर, ‘श्टिमेन’ म्हणजे पार्ट्स, ‘क्लाविरआउसत्सूग’ म्हणजे पियानोसाठी उतरवलेली प्रत.

७. गाळण्या लावा, भाषेची सोडून

‘छापील संगीत’ किंवा ‘स्कोअर’ ही गाळणी सर्वांत आधी लावा. साल आणि शाखा नंतर. भाषेच्या गाळणीला मात्र हात लावू नका. वाद्यसंगीताला शब्दच नसतात, म्हणून नोंदीत त्याची भाषा ‘भाषिक मजकूर नाही’ अशी लिहिलेली असते. ‘इंग्रजी’ निवडलंत की ही सगळी वाद्यसंगीताची पानं यादीतून गळतात, आणि आपल्याला वाटतं की ग्रंथालयात ती नाहीतच.

८. एक चांगली नोंद मिळाली की तिथून पुढे जा

नोंद उघडा आणि तिच्यातल्या विषयशीर्षकावर क्लिक करा. ‘सोनाटाज (व्हायोलिन आणि पियानो)’ असं शीर्षक असेल तर त्याच जोडीसाठी त्या ग्रंथालयात आणखी काय आहे ते सगळं उलगडतं, ज्यांची नावं आपल्याला सुचलीही नसती अशा रचनाकारांसह. एकरूप शीर्षकाच्या दुव्यावर गेलात तर त्या रचनेच्या इतर आवृत्त्या दिसतात. मला हा भाग फार आवडतो. टंकलेल्या शब्दातून आपल्याला आधीच ठाऊक असलेलंच मिळतं, या दुव्यांतून ठाऊक नसलेलं मिळतं.

साल चौकटी कंसात असेल तर ते प्रतीवर छापलेलं नाही, ग्रंथपालाने अंदाजाने दिलेलं आहे. जुन्या छापील संगीतावर साल नसणं नेहमीचंच.

९. तरीही मिळालं नाही तर

एकटं गाणं शोधत असाल तर ते संग्रहात दडलेलं असण्याची शक्यता मोठी. काही नोंदींत संग्रहातल्या गाण्यांची यादी टिपेच्या रकान्यात असते, म्हणून शीर्षकाऐवजी ‘कुठेही’ हा पर्याय घ्या आणि गाण्याची पहिली ओळ टाका. यादी दिलेलीच नसेल तर रचनाकाराचे ‘गाणी’ या शीर्षकाखालचे संग्रह उघडून पाहण्याला पर्याय नाही.

अनेक जुन्या ग्रंथालयांची सगळी कार्डं अजून ऑनलाइन आलेली नाहीत. पडद्यावर नाही म्हणजे कपाटात नाही असं समजू नका. इतर ग्रंथालयांसाठी ‘वर्ल्डकॅट’ हा जगभरच्या ग्रंथालयांचा एकत्रित कॅटलॉग पाहा. हस्तलिखितं आणि जुनी छापील प्रत हवी असेल तर १९५२ साली सुरू झालेल्या ‘रिझम’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा कॅटलॉग विनामूल्य खुला आहे. त्यात पंधरा लाखांहून अधिक नोंदी आहेत, आणि रचनेचं नाव माहीत नसलं तरी सुरुवातीचे काही स्वर देऊन शोधता येतं. अनामिक हस्तलिखित हाती आलेल्या माणसाला याचं मोल कळेल.

१०. उठण्याआधी टिपून घ्या

बोधांक (कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) पूर्ण उतरवा, शेवटच्या अक्षरासकट, कारण स्कोअर आणि पार्ट्स कधी कधी वेगवेगळ्या कपाटांत असतात. शाखा, प्रत उपलब्ध आहे की बाहेर गेली आहे, आणि ती भांडारातून मागवावी लागते का, हेही पाहा. ग्रंथपालाकडे जाणार असाल तर पहिल्या पायरीवरचा तो तीन ओळींचा कागद आणि कुठले शब्द वापरून शोधलं ते, दोन्ही सोबत न्या.