सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण, हा वाद नीट कसा घालावा

अमेरिकन फुटबॉलचा सुपर बाउल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. सोलापूरच्या पूर्व भागात एका मित्राच्या घरी त्या पहाटे आम्ही सहा-सात जण जमतो, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही मधोमध ठेवलेले असते, आणि मध्यंतरापर्यंत ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक (पास फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू) कोण’ हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. कित्येक वर्षे हा वाद आम्ही नुसता आवाज चढवून घातला. आता आमची एक रीत बसली आहे आणि ती इतरांनाही उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

कोणाचेही नाव घेण्याआधी निकष ठरवावा. आमच्याकडे चादरींच्या गठ्ठ्यातला एक पुठ्ठा घेऊन त्यावर प्रत्येक जण आपला निकष लिहितो: जेतेपदे, एका हंगामातला उत्तुंग खेळ, कारकिर्दीची लांबी, किंवा शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कोणाच्या हाती द्यावासा वाटतो. नाव आधी ठरले की माणूस त्याला शोभेल असा निकष शोधत बसतो, आणि मग वाद कधीच पुढे सरकत नाही.

जेतेपदांचा निकष सर्वांत सोपा दिसतो, पण खरी फसगत तिथेच होते. टॉम ब्रेडी 10 सुपर बाउल खेळला आणि 7 जिंकला, त्यांतले 6 न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून आणि 1 टँपा बे बकनिअर्सकडून. जो मोंटाना सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून 4 खेळला आणि चारही जिंकला; त्या चार सामन्यांत त्याने 11 टचडाउन पास (ज्यांवर चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन गुण मिळतात असे) दिले आणि त्याचा एकही पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलला नाही. ‘मोंटाना अंतिम सामन्यात कधी हरलाच नाही’ हे वाक्य कोणीतरी टाकतेच. त्यावर विचारावे की 1985, 1986 आणि 1987 या सलग तीन हंगामांत त्याचा संघ पहिल्याच बाद सामन्यात गारद झाला, त्याचे काय? अंतिम फेरीत हरणे हे तिथवर न पोहोचण्यापेक्षा मोठे अपयश मानायचे असेल, तर ते कारण देऊन मांडावे. मला अजून कोणी तसे कारण देऊ शकलेले नाही.

काळाचा हिशेब मात्र सावकाश करावा. 1978 साली नियम बदलले. पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) धक्काबुक्की करण्यास बचावपटूंना बंदी झाली आणि पासिंग सोपे झाले. शिवाय 1958 साली, म्हणजे जॉनी युनिटसने बाल्टिमोर कोल्ट्सला जादा वेळेतल्या प्रसिद्ध अंतिम सामन्यात जिंकून दिले तेव्हा, हंगाम 12 सामन्यांचा होता. 2021 पासून तो 17 सामन्यांचा आहे. तेव्हा युनिटसने पासमधून मिळवलेल्या एकूण यार्डांची ब्रेडीच्या 89,214 यार्डांशी थेट तुलना करणे म्हणजे गावसकरांचा स्ट्राइक रेट आजच्या टी-ट्वेंटीच्या फलंदाजाशी ताडून पाहण्यासारखे आहे. प्रत्येकाला त्याच्याच काळातल्या इतर क्वार्टरबॅकांशेजारी उभे करावे. असे केले की डॅन मरिनोचा 1984 चा हंगाम डोळ्यांत भरतो: 5,084 यार्ड आणि 48 टचडाउन पास. त्याच हंगामाचा सुपर बाउल तो मोंटानाच्या संघाविरुद्ध 38-16 असा हरला आणि पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला नाही.

संघाचे श्रेय वेगळे काढण्यासाठी एखादा सामना डाव-डाव करून पाहावा. आम्ही फेब्रुवारी 2017 चा घेतो. अटलांटा फाल्कन्स 28-3 ने पुढे होते, ब्रेडीचा एक पास झेलून त्यांनी त्यावर टचडाउनही केला होता, आणि तरी पेट्रियट्सनी जादा वेळेत 34-28 असा विजय मिळवला. ब्रेडीने 62 पैकी 43 पास पूर्ण केले, हे त्याचे कर्तृत्व निर्विवाद आहे. पण चौथ्या सत्रात पेट्रियट्सच्याच डॉन्टा हायटावरने फाल्कन्सच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू उडवला आणि ज्युलियन एडलमनने जमिनीपासून बोटभर अंतरावर पास झेलला, या दोन गोष्टींचा उल्लेख केल्याशिवाय त्या सामन्याचे सगळे श्रेय एकाच्या पदरात घालू नये.

पेटन मॅनिंगचे पाच एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू) पुरस्कार पुठ्ठ्यावर स्वतंत्र ओळीत लिहावेत, कारण ते संपूर्ण हंगामाच्या खेळावर मिळतात आणि इतक्या वेळा ते दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाहीत. ऑटो ग्रॅहॅमचे नाव नव्या प्रेक्षकांच्या तोंडी सहसा येत नाही, म्हणून ते जाणीवपूर्वक काढावे: क्लीव्हलँड ब्राउन्सकडून तो 1946 ते 1955 असे दहा हंगाम खेळला, दहाही वेळा संघ अंतिम सामन्यात होता आणि सात वेळा विजेता ठरला. पहिली चार जेतेपदे वेगळ्या लीगमधली आहेत, हेही सांगावे.

माझ्या पुठ्ठ्यावर कारकिर्दीपुढे ब्रेडीचे आणि शेवटच्या दोन मिनिटांपुढे मोंटानाचे नाव आहे. जानेवारी 1989 मध्ये सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध संघ तीन गुणांनी मागे असताना त्याने 92 यार्डांची मजल मारून 34 सेकंद बाकी असताना जॉन टेलरकडे दिलेला पास मी आजही तितक्याच ओढीने पाहतो. अजून खेळत असलेल्या पॅट्रिक माहोम्सचे नाव आम्ही खाली पेन्सिलीने लिहिले आहे आणि त्याच्यासमोरची जागा कोरी ठेवली आहे.