प्रोस्टेटची फाइल घेऊन खारघरला निघण्याआधी

बायोप्सीत कॅन्सर निघालाय आणि वडिलांना खारघरच्या टाटाला, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकला, दाखवायचं ठरलंय. ठाण्यातून निघायच्या निदान आठवडाभर आधी तयारीला लागा. आदल्या रात्री बसून हे होत नाही, आणि न होण्याचं कारण एकच: स्लाइड आणि ब्लॉक.

रिपोर्टचा कागद हातात आहे म्हणून निवांत राहू नका. सुईने काढलेले तुकडे मेणात बसवतात, तो ब्लॉक. त्याचा पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात, ती स्लाइड. दोन्ही वस्तू लॅबकडेच राहतात, मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही. कॅन्सर हॉस्पिटलातले पॅथॉलॉजिस्ट त्या स्वतः पुन्हा बघतात, कारण पुढचं बरंचसं ग्लीसन स्कोअरवर ठरतं. कॅन्सरच्या पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचे हे दोन आकडे; जास्त भागात दिसणाऱ्या नमुन्याचा आकडा आधी लिहितात. ३+४ आणि ४+३, बेरीज दोन्हीकडे ७. पण पहिला ग्रेड ग्रुप २, दुसरा ग्रेड ग्रुप ३ (१ सगळ्यात सौम्य, ५ सगळ्यात आक्रमक), आणि एवढ्या फरकाने हॉर्मोनचे उपचार, म्हणजे पुरुष हॉर्मोन दाबणारं औषध, द्यायचे की नाही, हा निर्णय बदलू शकतो. काचा नसतील तर ती खात्री होत नाही आणि पेशंटला पुन्हा बोलावतात.

लॅबला लेखी अर्ज द्या: पेशंटचं नाव, बायोप्सीचा नंबर, त्यांची सही, आधारची झेरॉक्स, पैसे भरल्याची पावती. ब्लॉक शोधून काढायला लॅब दोन-चार दिवस घेते. मिळाल्यावर घरी येऊन बघू म्हणू नका, काउंटरवरच तपासा. प्रत्येक काचेवरचा आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळला पाहिजे. बहुधा दहा-बारा तुकडे घेतलेले असतात. एका ब्लॉकमध्ये दोन-तीन तुकडे बसवलेले असू शकतात, म्हणून ब्लॉक एकूण किती होते ते लॅबलाच विचारा आणि तेवढे मोजून घ्या. स्लाइड प्लॅस्टिकच्या खाचांच्या डबीत ठेवा, रुमालात गुंडाळू नका. ब्लॉक मेणाचे आहेत, मे महिन्यात बंद गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. आधी कधी दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल, तर त्या वेळच्या स्लाइड आणि ब्लॉकसुद्धा मागा.

पीएसएचे, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचे, सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावा, नुसता शेवटचा नको. आकडा किती वेगाने चढला तेही डॉक्टर बघतात. गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत न्या, 'प्रोस्टेटची एक गोळी चालू आहे' एवढ्याने भागत नाही. त्यात फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेलं प्रोस्टेट आकसवणारी औषधं) असेल, तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टवरचा ३.५ हा प्रत्यक्षात ७ च्या आसपास धरायचा. ही माहिती दिली नाही तर आजार आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो. लघवीचा संसर्ग किंवा कॅथेटर असताना काढलेला पीएसए उगाच वाढलेला दिसतो. त्या रिपोर्टवर तसं पेनाने लिहून ठेवा.

एमआरआयची सीडी न्या आणि ती घरी उघडून बघा. रिकामी सीडी मिळाल्याचे प्रकार घडतात. बायोप्सीनंतर लगेच काढलेल्या एमआरआयत आत साचलेलं रक्त गोंधळ घालतं, म्हणून दोन्ही तारखा ठळक लिहा. पेट स्कॅन किंवा बोन स्कॅन झाला असेल तर त्याचीही सीडी.

हॉर्मोनचं इंजेक्शन आधीच दिलं गेलं असेल तर औषधाचं नाव आणि तारीख हवीच. त्यानंतर पीएसए पडतो, स्कॅनचं चित्र बदलतं, आणि नव्याने बायोप्सी केली तरी ग्लीसन भरवशाचा राहत नाही. म्हणजे इंजेक्शनच्या आधीचे ते ब्लॉक आता दुप्पट मोलाचे. मागितलेत ना? नसतील तर हे वाचणं थांबवा आणि आधी लॅबला फोन करा.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती यादीत सगळ्यात वर लिहा. स्टेंट असलेल्या माणसाने ती मनाने बंद करायची नाही. हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच. पाठ प्रचंड दुखून पायातली ताकद जायला लागली किंवा लघवी अडकली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.

डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून न्या: ग्रेड ग्रुप किती, गाठ प्रोस्टेटच्या बाहेर गेली आहे का, नुसतं लक्ष ठेवून चालेल का. शेवटचा प्रश्न विचारायला घाबरू नका. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात प्रोस्टेटपुरत्या कॅन्सरचे १,६४३ पुरुष होते. देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन, गट कोणताही असो, १५ वर्षांनी या कॅन्सरने दगावलेले सुमारे ३ टक्केच. जास्त जोखमीच्या आजाराचं गणित वेगळं. टाटा मेमोरियलच्या २२४ रुग्णांच्या अभ्यासात ओटीपोटातल्या लिम्फ नोडनाही (लसिका ग्रंथींनाही) रेडिएशन दिलेल्या गटात पाच वर्षांनी ९५ टक्के रुग्णांचा पीएसए पुन्हा चढला नव्हता; फक्त प्रोस्टेटला दिलेल्या गटात ८१ टक्के. हयात मात्र दोन्ही गटांत नव्वद टक्क्यांहून जास्त होते. तुमचा रुग्ण यातल्या कुठल्या अभ्यासाशी जुळतो, ते बरंचसं ग्लीसनवरून ठरतं. ग्लीसन स्लाइडवरून.

बाकीचं पटकन. रेशन कार्ड आणि आधार मूळ प्रत, महात्मा फुले योजनेसाठी (सरकारी आरोग्य योजना). क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट. ठाण्याहून थेट पनवेल लोकल पकडा, नाहीतर नेरुळला बदला. लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही, म्हणून चढण्याआधी त्यांना जाऊन येऊ द्या. जास्तीची पँट. तपासून झाल्यावर ब्लॉक परत कधी मिळतील ते विचारून पावती घ्या, जनुकीय तपासणीला पुढे लागू शकतात. युरोफ्लो, म्हणजे लघवीची धार मोजायची तपासणी, सांगितली तर तिथे पोहोचल्यावर पाणी पाजा. दीडशे मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर ती तपासणी पुन्हा करावी लागते.