इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये प्रयोग करताय? या चुका टाळा

इलेक्ट्रिक कुकर घरात आला की पहिले काही दिवस भात, डाळ, उकडलेले बटाटे यावर भागतं. मग हात शिवशिवायला लागतात. नेहमीचा रस्सा यातच करून बघू, दोन पदार्थ एकदम लावू, पास्ता टाकू, खीर करू. इथूनच तक्रारी सुरू होतात: खाली लागलं, वर कच्चं राहिलं, नुसतं पाणीच झालं, दाबच येत नाही.

दोष बहुतेक वेळा कुकरचा नसतो. गॅसवर शिजवताना आपण मधेमधे हात घालत असतो. आच कमी करतो, वास आला की झाकण काढतो, पाण्याचा शिपका मारतो. इथे झाकण लावलं की आपलं काम संपलं. पाणी किती, तुकडे केवढे, तळाशी काय चिकटलंय, वेळ किती, हे सगळं त्याआधीच ठरलेलं असतं. त्यामुळे खालच्या जवळपास सगळ्या चुका झाकण लावण्याआधीच्या आहेत.

शिट्ट्यांची मिनिटं करत बसणं

"चार शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. शिट्टी किती वेळाने होते हे आचेवर, भांड्याच्या आकारावर आणि आत किती भरलंय यावर ठरतं. त्यात दोन्ही कुकरचा दाबही सारखा नसतो. गॅसवरचे बरेचसे कुकर साधारण १५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाबावर चालतात, म्हणजे आत १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं. इलेक्ट्रिक कुकर बहुधा १० ते १२ पीएसआयवर थांबतात, म्हणजे ११५ ते ११८ अंश. फरक थोडा वाटतो, पण कडधान्य आणि मटण यांना तो जाणवतो.

दुसरा घोळ टायमरचा. तुम्ही ५ मिनिटं लावता, ती दाब तयार झाल्यावर मोजायला सुरुवात होते. त्याआधी भांडं तापायला १० ते २० मिनिटं जातात, काठोकाठ भरलं असेल तर त्याहून जास्त. या वेळातही अन्न शिजतच असतं. फ्लॉवर किंवा दुधी '२ मिनिटं' लावूनही गाळ होतो तो यामुळेच. अशा भाज्यांना टायमर शून्यावर ठेवला आणि दाब आल्या आल्या वाफ सोडली तरी पुरतं.

सुरुवातीला हाताशी असावेत म्हणून काही आकडे: पांढरा तांदूळ ४-५ मिनिटं, अंडी ५, मध्यम आकाराचे अख्खे बटाटे १२ ते १५, भिजवलेला राजमा १५ ते २०, हाडासकट मटण ३० ते ३५. तुमच्या कुकरला आणि तुमच्या दाताला जमेल तसे ते पुढेमागे करा. समुद्रसपाटीपासून ६०० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल, तर पुढच्या प्रत्येक ३०० मीटरला वेळ साधारण ५ टक्क्यांनी वाढवावा लागतो.

माणसं दुप्पट झाली म्हणून वेळ दुप्पट करू नका. एक किलो बटाटे असोत की दोन, बटाटा तेवढाच आहे. फक्त दाब यायला जास्त वेळ लागेल. वेळ ठरतो तो तुकड्याच्या जाडीवर. त्यामुळे मटणाचे तुकडे मोठे ठेवायचा प्रयोग करणार असाल, तर मिनिटं तिथे वाढवा.

पाण्याचा अंदाज जुनाच धरणं

उघड्या पातेल्यातून पाणी सतत उडत असतं, गॅसवरच्या कुकरमधून दर शिट्टीला थोडं जातं. इलेक्ट्रिक कुकरमधून मात्र जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. म्हणून पातेल्याच्या सवयीने एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घातलं की भात गिचका होतो. धुऊन निथळलेल्या पांढऱ्या तांदळाला वाटीला वाटी पाणी पुरतं. मऊ हवा असेल तर पाव वाटी वाढवा, त्याहून जास्त नको.

याची दुसरी बाजू म्हणजे पाणी फार कमी घालणं. दाब वाफेमुळे येतो आणि वाफ व्हायला मोकळं, पातळ पाणी लागतं. लहान कुकरला निदान २५० मिली आणि ६ लिटरच्याला साधारण ३७५ मिली धरून चाला; नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. दही, टोमॅटोची दाट प्युरी, वाटण हे यात मोजायचं नाही. ते ओलं असतं, पण तळाशी बसतं आणि करपतं. उलट मशरूम, कोबी, चिकन आपलं आपण भरपूर पाणी सोडतात, तिथे किमान पाण्यावरच थांबा.

रस्सा पातळ झाला तर घाबरायचं कारण नाही. झाकण काढून परतायच्या मोडवर उकळू द्या, पाच-सात मिनिटांत आळतो. दाट करायला कॉर्नफ्लोअर लावायचं असेल तर तेही याच वेळी, आधी कधीच नाही.

भरायची मर्यादाही लक्षात असू द्या: एरवी दोन तृतीयांश, आणि डाळ, तांदूळ, कडधान्यं, पास्ता असे फेसाळणारे किंवा फुगणारे पदार्थ असतील तर निम्मंच. फेस वर चढून वाफेची वाट बुजली तर प्रयोग भिंतीवर पाहायला मिळतो.

'बर्न' आलं की पाणी ओतून पुन्हा सुरू करणं

सगळ्यात जास्त वैताग देणारी गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर. भांड्याच्या तळाखाली तापमान मोजणारा सेन्सर असतो. तळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापला की कुकर आच बंद करतो आणि डिस्प्लेवर 'बर्न', 'हॉट' किंवा एखादा कोड दाखवतो. म्हणजे सगळं जळलंच आहे असं नाही. कुकर एवढंच सांगतोय की तळाची उष्णता पाण्यात जात नाही, मधे काहीतरी आहे.

ते 'काहीतरी' बघायचं असेल तर कांदा-मसाला परतून झाल्यावर भांड्यात उलथनं फिरवून पाहा. वरून सगळं सुटं दिसतं. पण तळाला तपकिरी रंगाचा, नखाने खरवडावा लागेल असा पातळ थर बसलेला असतो, आणि कडेच्या गोलाईत तो हमखास जास्त असतो. चव सगळी त्याच थरात आहे, आणि 'बर्न'चं मूळही तोच. परतून झालं की अर्धी वाटी पाणी घाला आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडा. तळाचं स्टील पुन्हा गुळगुळीत लागलं पाहिजे. पाणी तपकिरी होतं, ते टाकायचं नाही, रश्शात चांगलंच लागतं.

मग क्रम पाळा: खाली पाणी, त्यावर मटण किंवा भाजी, आणि टोमॅटो, प्युरी, साखर, गूळ असं चिकटणारं सगळ्यात वर. ते घातल्यावर ढवळायचं नाही. सवयीचा हात ढवळायला जातोच, तो आवरा. झाकण उघडल्यावर सगळं एकत्र करता येतं.

तरीही 'बर्न' आलंच, तर बंद करा, वाफ सोडा, झाकण उघडा आणि तळ बघा. चिकटलेलं सुटत असेल तर खरवडा, अर्धा कप पाणी घाला आणि पुढे चला. काळं पडलं असेल तर वरचा भाग दुसऱ्या भांड्यात काढा आणि आतलं भांडं घासूनच पुन्हा लावा. नुसतं वरून पाणी ओतलं तर पाच मिनिटांत तोच संदेश परत येईल, कारण थर जागचा हललेला नाही.

दाब येत नाही म्हणून कुकर नादुरुस्त ठरवणं

आधी वाफ कुठून येतेय ते पाहा. झाकणाच्या कडेने येत असेल तर रिंग नीट बसलेली नाही. धुतल्यावर ती घाईत बसवली जाते आणि एका जागी खाचेच्या बाहेर राहते. झाकण उलटं करून बोट गोल फिरवा, कळेल. वाफ वरच्या नॉबमधून येत असेल तर तो उघडाच राहिलाय. काही मॉडेल्स तो आपोआप बंद करतात, काहींमध्ये हाताने फिरवावा लागतो.

पिनकडेही लक्ष द्या. झाकणावरची ही छोटीशी धातूची पिन सुरुवातीला खाली असते, तिच्या बाजूने थोडी वाफ फुसफुसते, कधी पाण्याचे थेंब थरथरतात. हे नेहमीचंच आहे. मग 'टक्' आवाज होऊन ती वर येते आणि फुसफुस थांबते. आता झाकण बंद आणि आत दाब. पिन वर येतच नसेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला तिला लावलेली सिलिकॉनची चिमुकली टोपी जागेवर आहे का पाहा. भांडी धुताना ती बेसिनमध्ये गेलेली असण्याची शक्यता दाट.

कडा, नॉब, पिन सगळं ठीक, तरी दाब नाही? मग पाणी कमी आहे किंवा रिंग म्हातारी झालीय. कडक झालेली, चिरा गेलेली, ढिली पडलेली रिंग बदलायचीच.

पिन वर असताना झाकण उघडायची झटापट कधीही करू नका. ते उघडत नाही ही सोय आहे, बिघाड नाही. बंद करून बराच वेळ झाला, नॉब उघडा आहे, वाफेचा आवाज नाही, तरीही पिन खाली येत नसेल तर ती चिकट पेजेमुळे अडकलेली असते. तोंड लांब ठेवून चमच्याच्या दांड्याने हलकेच दाबा.

वाफ सोडायची घाई, आणि आळसही

नॉब उघडून वाफ झटक्यात सोडली की आतलं सगळं एकदम खळखळून उकळतं. भाज्यांना ते चालतं, किंबहुना हवंच, नाहीतर त्या शिजतच राहतात. डाळ, खीर, पास्ता यांच्यात मात्र फेस नॉबमधून बाहेर उडतो. कडधान्यांची सालं फुटतात. मटणाचा रस एकदम निघून ते चिवट लागतं. अशा पदार्थांना निदान १० ते १५ मिनिटं तसंच राहू द्या, मग उरलेली वाफ सोडा. भातालाही ही १० मिनिटं हवीत. ती शिजण्याचाच भाग आहेत, वेळ ठरवताना धरलेली असतात.

वाफ सोडताना कुकर वरच्या कपाटाखालून पुढे ओढा, नाहीतर प्लायवूड फुगतं. नॉबवर हात आडवा न धरता बाजूने धरा.

कडधान्य शिजत नाही म्हणून फक्त मिनिटं वाढवत जाणं

दोनदा लावूनही छोले टणक राहिले तर वेळ सोडून तीन गोष्टी तपासा. धान्य फार जुनं आहे का, पाणी जड आहे का, आणि आंबट आधीच घातलंय का. टोमॅटो, चिंच, लिंबू यांच्या आम्लामुळे सालीतलं पेक्टिन, म्हणजे तिला घट्ट धरून ठेवणारा घटक, लवकर विरघळत नाही. जड पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं. आंबट शिजल्यावर घाला. जड पाण्याला चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. मिठाला उगाच बदनाम केलंय, ते आधी घातलं तरी बिघडत नाही.

राजम्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं आणि ते नीट उकळल्याशिवाय नष्ट होत नाही. कुकरवर 'स्लो कुक' असं बटण दिसतं म्हणून भिजवलेला राजमा त्यावर रात्रभर ठेवायचा प्रयोग करू नका. मंद आचेवर तापमान उकळीपर्यंत पोचेलच असं नाही, आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेका, नव्या पाण्यात दाबाखालीच शिजवा.

जे प्रयोग नकोतच

दाबाखाली तेलात तळणं: अजिबात नाही, घरगुती कुकर त्यासाठी बनलेला नाही. बरण्या हवाबंद करून महिनोन् महिने टिकवायला यात उकडणं: नाही. बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू मारायला लागणारं तापमान पुरेसा वेळ टिकेल याची खात्री हे कुकर देत नाहीत. रात्री मटण किंवा दूध घालून सकाळसाठी उशिराचा टायमर लावणं: नाही, ते तोवर खोलीच्या तापमानाला पडून राहतं. दूध, साय, चीज दाब उतरल्यावर घाला, आधी घातलं तर फाटतं किंवा तळाला धरतं. 'कीप वॉर्म' शिजल्यावर आपोआप सुरू होतं. पास्ता आणि भाज्या असतील तर ते बंद करा.

आणि आतलं भांडं बाहेर असताना थेट कुकरमध्ये पाणी ओतणं. हसू नका, हे घाईत चांगल्या सुगरणींच्या हातून होतं. झालंच तर आधी प्लग काढा, कुकर उलटा करून पाणी काढा आणि तपासून घेतल्याशिवाय चालू करू नका. भांड्याचा ओला तळ पुसून मगच आत ठेवायची सवय लावली की हात आपोआप भांडं आहे का ते बघतो.

रिंगला मसाल्याचा वास धरतो, तो पूर्ण जात नाही. गोड पदार्थ करत असाल तर वेगळी रिंग ठेवा.

एका दमात चार गोष्टी बदलणं

तांदूळ नवा, पाणी कमी, वेळ जास्त, वर दुधाचा प्रयोग. मग बिघडलं तर नेमकं कशाने ते कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाणी, मिनिटं, वाफ कशी सोडली हे लिहून ठेवा. शंका असेल तेव्हा वेळ कमीच लावा. कच्चं निघालं तर पुन्हा झाकण लावता येतं, आणि आतलं सगळं आधीच तापलेलं असल्याने दुसऱ्यांदा दाब फार लवकर येतो. फक्त त्याआधी उलथनं तळाशी फिरवून पाहा, आणि पाणी आटलेलं दिसलं तर गरम पाणी घाला.