एमजीबीचे मागचे ब्रेक उघडताय? मग या चुका टाळा

एमजीबी म्हणजे इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली स्पोर्ट्स कार, 1962 ते 1980 बनली, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे 10 इंची ड्रम ब्रेक. मागचं काम तसं सोपं, पार्ट्सही मिळतात, तरी "सगळं नवीन टाकलं आणि पेडल खोलच जातंय" ही रड काही थांबत नाही, आणि बहुतेक वेळा पार्ट चांगलाच असतो, कामाचा क्रम चुकलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ हँडब्रेकचा. हँडब्रेक खूप वर येतो म्हणून लोक थेट केबल आवळतात. पण केबल ताणलेली असली की आतली लिव्हर शूजना (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे दोन कमानी तुकडे) आधीच ढकलून ठेवते, मग अ‍ॅडजस्टर, म्हणजे शूज आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू, कितीही फिरवा, सेटिंग खोटंच येणार. आधी केबल पूर्ण ढिली करा, अ‍ॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळा, पेडल दोनदा जोरात दाबा म्हणजे शूज मधोमध बसतील, परत आवळा आणि चाक मोकळं फिरेपर्यंत एकेक खाच मागे घ्या. हलकं घासल्याचा आवाज चालेल. केबल सगळ्यात शेवटी. आणि त्या अ‍ॅडजस्टरचं टोक चौकोनी असतं, त्याला चौकोनी पानाच लावा, साध्या पान्याने कोपरे गेले की बसा मग.

पेडलचं निदान सोपंय. दोनदा पटपट दाबल्यावर पेडल वर आलं तर शूज ढिले आहेत, किती दाबलं तरी स्पंजसारखं लागतंय तर पाइपमध्ये एअर आहे. पहिल्या केसमध्ये लोक बाटलीच्या बाटली ब्रेक ऑइल ओतून ब्लीडिंग (पाइपमधली एअर काढणं) करत बसतात, काही फरक पडत नाही.

व्हील सिलिंडरची, म्हणजे ऑइलच्या दाबाने शूज ढकलणाऱ्या सिलिंडरची, मागची क्लिप बसवताना शिव्या येतातच. सिलिंडर आणि हबच्या मध्ये लाकडाची पाचर मारा म्हणजे तो बॅकप्लेटला (ड्रममागचा पत्रा) घट्ट राहील, मग मोठा सॉकेट क्लिपवर धरून दाबा. स्क्रूड्रायव्हरने उचकटून क्लिप वाकवली तर ती फेकून द्या. पाइपचे आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे आहेत, मेट्रिक नट तिथे जोर लावून बसवू नका.

लायनर (शूजवरचं घासणारं अस्तर) ओले दिसले की लगेच सिलिंडरला दोष नको. गिअर ऑइलचा उग्र, गंधकासारखा वास आला तर अ‍ॅक्सलचं सील गेलंय, आणि ब्रीदर (अ‍ॅक्सलमधली हवा बाहेर सोडणारं भोक) चोंदला असेल तर नवीन सीलही टिकणार नाही. तेल मुरलेले लायनर धुऊन परत वापरायचे नाहीत, काटकसर दुसरीकडे करा. रबराला साधं ग्रीस नको, फुगतं, रेड रबर ग्रीसच हवं.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा धूळ एअरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि दोन्ही बाजू एकदम खोलू नका हो, स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या ते बघायला दुसरी बाजू शाबूत लागते.